आखाजीचा डाव

सालदाराचं साल आखाजीला संपायचं आणि नवं साल त्याच दिवशी ठरायचं. वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाला हक्काचे रिकामे दिवस मिळायचे ते हेच. सासरी गेलेल्या लेकी गौराईसाठी माहेरी यायच्या, लिंबाच्या फांद्यांना झोके बांधले जायचे आणि ओट्याओट्यावर पत्त्यांचे डाव बसायचे. बाकी महाराष्ट्राला अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घेण्याचा मुहूर्त; आम्हा खान्देशी पोरांना ती खेळायची परवानगी होती. गावात डाव पैशांवर चालत. आमच्या घरात पैसे लावायला सक्त मनाई. चिंचोके लावा, भुईमुगाच्या शेंगा लावा, पण बसायचं सगळ्यांनी.

आमची पिढी म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांत जन्मलेली चुलत, आते, मामे भावंडं. निम्मी जळगावची, निम्मी धुळ्याची. परीक्षा संपली की पारोळा-एरंडोलमार्गे एसटी एक तर इकडची पोरं तिकडे नेई, नाहीतर तिकडची इकडे आणी. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर. दहा वाजता दारं-खिडक्या बंद होत, त्या संध्याकाळीच उघडत. मधले सात-आठ तास एका अंधाऱ्या, शेणानं सारवलेल्या खोलीत दहा-बारा पोरं कोंडलेली. त्या खोलीत जे शिकलो ते शाळेनं शिकवलं नाही, असं मला आजही मनापासून वाटतं.

खडूनं जमिनीवर पाच बाय पाच घरं आखायची. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली. दोन चिंचोके दगडावर घासून, फोडून त्यांच्या चार फाका करायच्या. एक बाजू पांढरी, एक काळी. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ, आणि दोन्हींना पुन्हा टाकायला मिळे. सोंगट्या म्हणजे बांगडीचे तुकडे, खडे, शर्टाची बटणं. बाहेरची घरं एका दिशेनं, आतली उलट दिशेनं, मग मधल्या फुलीत सोंगटी पिकली. फुलीवर असलेल्या सोंगटीला कुणी मारू शकत नसे.

भांडण ठरलेलं होतं. धुळेकरांच्या मते समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरायचं नाही. आम्ही जळगावकर सरळ आत जात होतो. 1906 मध्ये इंग्रजांनी खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, एकाचं ठाणं जळगाव, दुसऱ्याचं धुळे. आमच्या खोलीत ती सीमा रोज नव्यानं आखली जाई. धुळ्याचा आतेभाऊ गुडघ्यावर उठून ओरडे, “आमना धुयाम्हा आसंच खेयतस!” मग प्रकरण घरातल्या मोठ्या मायकडे जाई. ती कुरडयांचा चीक घोटता घोटता दोन्ही बाजू ऐकून घेई आणि निकाल देई. आज धुळ्याचे पाहुणे आहेत तर धुळ्याचा नियम. उद्या जळगावचा. हरणारं पोर रडकुंडीला आलं असेल तर तिचा निकाल बदलतही असे, आणि त्यावर अपील नव्हतं.

सगळ्यात धाकटं पोर कच्चा लिंबू. त्याला पूर्ण खेळायला मिळे, चिंचोके टाकायला मिळत, पण त्याची सोंगटी मारायची नाही. ते चार-पाच वर्षांचं लेकरू मोठ्यांच्या रांगेत मांडी घालून बसे, आपण खरोखर जिंकतोय असं समजे आणि एखाद्या वर्षी कुणी न सांगताच पक्कं होई. पहिल्यांदा त्याची सोंगटी मेली की खोलीत क्षणभर सगळे त्याच्या तोंडाकडे बघत. रडलं नाही की झालं.

पुढे व्यापाराचा डबा घरात आला. रंगीत नोटा, शहरांची कार्डं, छोटी घरं. नोटा हरवल्या तशा लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहून नव्या छापल्या गेल्या. जळगावच्या दाणाबाजारात वाढलेल्या पोरांनी त्या खेळात आपल्या घरची रीत आणली, ती म्हणजे उधारी. खिशात नोट नसेल तर शब्दावर मिळे, आणि शाळेच्या जुन्या वहीत नाव मांडलं जाई. आमचा एक चुलतभाऊ एरवी वर्गात तोंड उघडत नसे. बँकर झाला की त्याचा आवाजच बदले. “मागचं बाकी आहे, आधी ते मिटवा,” असं तो सख्ख्या मोठ्या भावाला सुनावी आणि भाऊ मुकाट ऐकून घेई. दुसरं कुणीतरी होऊन बघण्याची ती सोय होती. भित्रं पोर सावकार होई, दांडगट पोर तुरुंगात बसे, आणि संध्याकाळी दारं उघडली की सगळे परत आपापल्या जागी.

नंतर टीव्ही आला, केबल आली, डाव विस्कटले. ते परत जुळवले भारनियमनानं. 2005 नंतरच्या काही उन्हाळ्यांत वीज तासन् तास जाई. आम्ही तोवर कॉलेजात नाहीतर नोकरीला. गच्चीवर कंदील ठेवून मेंढीकोट चाले. चार दश्श्या, म्हणजे चार मेंढ्या. चारही एकाच जोडीनं ओढल्या की कोट. जोडीदार समोरासमोर, बोलायला बंदी, त्यामुळे सगळा कारभार चेहऱ्यावर. कोण पान टाकण्याआधी नाक खाजवतं, कुणाचा श्वास अडकतो, हे त्या कंदिलाच्या उजेडात आम्हाला पाठ झालं. पुढे कितीतरी वर्षांनी त्याच भावांशी फोनवर बोलताना, काही बिनसलंय हे आवाजावरून कळतं, ते त्या गच्चीमुळे.

मग सगळे पांगले. पुणे, सुरत, नाशिक, दोघं अमेरिकेत. 2020ची आखाजी 26 एप्रिलला आली, ऐन टाळेबंदीत. कुणी माहेरी गेलं नाही. त्या दिवशी दुपारी धुळ्याच्या आत्यानं नातवाकडून फोनवर लुडो किंग उघडून घेतलं आणि खोलीचा आकडा सगळ्यांना पाठवला. नवी मुंबईच्या कंपनीनं 2016 मध्ये आणलेला हा खेळ त्या दिवसांत घरोघरी पोचला होता. आणि लुडो तरी काय, आपल्या पचिशीचाच वंशज; इंग्लंडमध्ये 1896 साली त्याचं पेटंट घेतलं गेलं. गुडघ्यांमुळे वर्षानुवर्षं जमिनीवर बसू न शकलेली आत्या खाटेवर बसून दोन-दोन तास खेळली. अमेरिकेतले दोघं त्यांच्या पहाटे उठून बसले. हे त्या फोनचे उपकार आहेत आणि ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल.

पण त्या खेळात भांडता येत नव्हतं. फासा पडला की पडला, सोंगटी आपोआप चाले, चुकीचं घर मोजायची सोयच नाही. धुळ्याचा नियम आणि जळगावचा नियम एकच झाला होता, आणि तो दोघांचाही नव्हता. पुण्याच्या भावाची पाच वर्षांची मुलगी खेळायला बसली तेव्हा खरी पंचाईत झाली, कारण फोनला कच्चा लिंबू माहीत नाही. तिची पहिली सोंगटी मेली आणि ती हमसून रडली. त्यानंतर कुणीही कुणाला काही सांगितलं नाही, पण तिची सोंगटी समोर आली की धुळे, जळगाव, अमेरिका सगळीकडून दुसरीच सोंगटी पुढे सरके. आत्यानं तर हातचा डाव घालवला.

माझा पुण्यातला भाचा डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये अमेरिकेत आणलेला खेळ. खेळणारा प्रत्येक जण एखादं पात्र होतो, वीस बाजूंचा फासा टाकतो, आणि एक जण गोष्ट चालवतो, नियमाचा अर्थ लावतो, निवाडा करतो. त्याचे मित्र नोकऱ्यांसाठी पांगल्यावर नकाशा आणि फासे पडद्यावर आले, तरी त्यांचा डाव मोडला नाही. तो मला हे समजावून सांगत होता तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कुरडयांचा चीक घोटणारी मोठी माय होती. पडदा असो वा सारवलेली जमीन, नियम वाकवण्याचा अधिकार एका जिवंत माणसाकडे आहे तोवर मला त्या खेळाची काळजी वाटत नाही. लुडोत मला तेच माणूस सापडत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात हा भाचा जळगावला आला तेव्हा त्यानं घरातल्या पोरांना गोळा केलं. त्याच्या गोष्टीतला किल्ला धुळ्याजवळच्या लळिंगचा होता, नदी पांझरा होती. पोरं चटईवर, धुळ्याची दोघं फोनच्या पडद्यावर. किल्ल्याच्या दारावर पहारेकरी शंभर मोहरा मागत होता आणि कुणाकडेच त्या नव्हत्या. धुळ्याच्या मुलीनं पडद्यातून विचारलं, “उधार चालेल का?” नियमांच्या पुस्तकात तसं काही नव्हतं. भाच्यानं थोडा विचार केला, वही मागवली आणि तिचं नाव मांडलं.