शिवलेले जहाज

मयेच्या तळ्यावरून सकाळी निघून आम्ही नार्व्यास उतरलो आणि फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर आलो. याच बेटावरील गोदीत दीड हजार वर्षांपूर्वीच्या धर्तीचे जहाज बांधले गेले, हे आमच्यापैकी अनेकांस ठाऊक नव्हते.

नमुना घेतला तो अजिंठ्याच्या लेण्यांतील, पाचव्या शतकातील चित्रावरून. आराखडा कोठेच उरलेला नाही. हाती चित्र तेवढे. २०२३ साली केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. फळ्यांना भोके पाडावयाची, काथ्याच्या दोराने त्या एकमेकींस शिवावयाच्या आणि वर राळेचा लेप द्यावयाचा. फळ्या जोडण्यास खिळा म्हणून नाही!

तेराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात आलेले फ्रान्सिस्कन मिशनरी माँतेकोर्विनोचे योहान यांना असली जहाजे मुळीच रुचली नव्हती. दोरा तुटला की भगदाड पडलेच, अशी त्यांची तक्रार. ती खोटी म्हणवत नाही; दरवर्षी डागडुजी लागेच. परंतु लाटेच्या तडाख्यात शिवण थोडी लवते, हा गुण त्यांच्या ध्यानी आला नसावा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरले. मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल होऊन 'कौंडिण्य' नाव पावले. इंजिन नाही, वाऱ्यावर शिडांचीच मदार. २९ डिसेंबरला त्याने पोरबंदर सोडले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कत गाठले. तेथे चाकरीस असलेली आपली किती मुले त्या दिवशी धक्क्यावर गेली असतील, हाच विषय परतीच्या फेरीत आमच्यात निघाला.