जुन्या खेळाची पाठशुद्धी

चंद्र गोल आहे की नाही, हे मी पडद्याला पट्टी लावून मोजते. जुना साहसखेळ नव्या संगणकावर चालता करायचं काम हाती आलं की सुरुवात तिथून होते. अशा खेळात काही ना काही गोल सापडतंच. चंद्र नसला तर भिंतीवरचं घड्याळ, तेही नसलं तर गाडीचं चाक. 1990 च्या आगेमागे हे खेळ आडवे 320 आणि उभे 200 पिक्सेल एवढ्या जागेत रेखाटले जात. मॉनिटर मात्र 4:3 प्रमाणाचा असे. त्यावर 200 ओळी 240 ओळींच्या उंचीला ताणल्या जात आणि प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या 1.2 पट उंच दिसे. चित्रकार हेच बघत चित्र काढत होता. आजच्या पडद्यावरचा पिक्सेल चौरस आहे. तिथं जुनं चित्र जसंच्या तसं टाकलं की चंद्र चपटा होतो, नायक बुटका होतो. खेळणाऱ्याला काहीतरी बिनसल्याचं जाणवतं, पण काय ते सांगता येत नाही.

दुरुस्ती ऐकायला सोपी आहे: रुंदी पाचपट, उंची सहापट. उत्तर येतं 1600 बाय 1200. पण घरोघरच्या पडद्यांना उभ्या 1080 च ओळी असतात. तिथं पूर्ण उंची वापरायची तर आडवं साडेचारपट आणि उभं 5.4 पट करावं लागतं. मग काही पिक्सेल जाड, काही बारीक होतात आणि पात्र चालू लागलं की त्याच्या अंगावरून एक लाट सरकताना दिसते. मी चित्र आधी मोठ्या पूर्ण पटीत वाढवते आणि मग किंचित मऊ करत खाली आणते. कडा थोड्या बोथट होतात, ते मला चालतं. चपटा चंद्र चालत नाही.

हे काम मी आष्टीत बसून करते. आष्टी म्हटलं की कुणी बीडची समजतं, कुणी वर्ध्याची. ही जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. रेल्वे धरायची तर परतूर गाठावं लागतं. पुण्यातली नोकरी सोडून गावी आले तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, हिचं काम इथून होणार नाही. होतं. फ्लॉपीच्या काळातला अख्खा खेळ पुष्कळदा दहा एमबीतच मावतो, तो मोबाईलच्या नेटवर्कवरूनही येतो. लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे. खरी गरज असते ती सलग लक्षाची, आणि दुपारच्या उन्हात बाजारपेठ ओस पडते तेव्हा ते इथं भरपूर मिळतं.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. पडद्यावर एक चित्र असतं: बंदर, खानावळ, तुरुंगाची कोठडी. माउसचा बाण फिरवायचा, वस्तूवर क्लिक करायचं, दार उघडायचं, दोरी उचलायची, माणसांशी बोलायचं, आणि अडलेली वाट डोकं लावून मोकळी करायची. बोटांच्या चपळाईला इथं फारसं काम नाही. रॉन गिल्बर्टनं 1987 मध्ये ‘मॅनिअक मॅन्शन’ केला, 1990 मध्ये ‘द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड’. कथा, संवाद, विनोद आणि कोडी एकमेकांत अशी गुंफलेली की एखादं वाक्य घाईत ऐकलं तर पुढचं दार बंद राहावं. असा पहिला खेळ मी मराठी माध्यमात शिकत असताना, संगणक मासिकासोबत आलेल्या सीडीवरून खेळले. शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडा असे. माझं निम्मं इंग्रजी त्या संवादांनी केलं आहे, आणि म्हणूनच या खेळांचं काही बिघडलेलं मला सोसत नाही.

अशा खेळाचे दोन भाग असतात. एक म्हणजे चित्रं, आवाज, संवाद आणि ‘हे केलं तर ते घडव’ अशा सूचनांच्या फायली. दुसरा म्हणजे त्या सूचना वाचून खेळ चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे इंजिन. काळ बदलला की मरतं ते इंजिन. ते डॉससाठी किंवा 16 बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेलं असतं, आणि आजचं 64 बिटांचं विंडोज त्याला दारातच उभं करत नाही. फायली मात्र धडधाकट असतात. 2001 मध्ये लुडविग स्ट्रिगेयस आणि व्हिन्सेंट हॅम यांनी हेच हेरून ‘स्कमव्हीएम’ सुरू केलं: मूळ फायलींना हात न लावता इंजिन नव्यानं लिहायचं. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ या 1994 च्या खेळाच्या निर्मात्यांनी तर आपला सोर्स कोड या मंडळींना अभ्यासायला दिला आणि 2003 मध्ये खेळ सर्वांसाठी मोफत करून टाकला. माझ्या धंद्यातली एवढी उदार कृती मला दुसरी आठवत नाही.

सोर्स कोड हाताशी असणं हे भाग्यच. ‘ग्रिम फँडँगो’ (1998) नव्यानं काढायचं ठरलं तेव्हा मूळ फायली जुन्या चुंबकीय फितींवर होत्या आणि त्या फिती वाचणारं यंत्र मिळवण्यापासून तयारी होती. 2015 मध्ये तो खेळ आला. ‘ब्लेड रनर’च्या (1997) बाबतीत सोर्स कोड हरवलेलाच होता. स्वयंसेवकांनी चालू प्रोग्रॅम उलगडत, एकेक आकडा ताडून पाहत, वर्षानुवर्षं खपून नवं इंजिन उभं केलं आणि 2019 मध्ये खेळ पुन्हा आजच्या संगणकावर आला. 2022 मध्ये त्याचीच एक ‘सुधारित’ आवृत्ती बाजारात आली. चित्रं मोठी आणि गुळगुळीत करताना पावसाळी रात्रीचे, धुरकट खोल्यांचे बारकावे पुसले गेले होते. खेळाडू इतके नाराज झाले की मूळ रूप पुन्हा स्वतंत्रपणे विक्रीला ठेवावं लागलं.

या दोन प्रयत्नांतला फरक मला एकनाथांमुळे नीट कळतो. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात, आणि पैठण त्याच गंगेच्या काठचं. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. तीनशे वर्षांच्या नकलांमधून शिरलेले अपपाठ प्रती ताडून काढले, आणि पुढं कुणी आपली ओवी या ग्रंथात घालू नये अशी ताकीदही शेवटी दिली. एकनाथ स्वतः किती मोठे कवी! ज्ञानेश्वरीतल्या अवघड जागी स्वतःची सोपी ओवी लिहिणं त्यांना जड नव्हतं. त्यांनी ते केलं नाही. चूक नकलाकाराची कुठली आणि शब्द ज्ञानदेवांचा कुठला, एवढंच शोधत राहिले. माझ्या टेबलावर रोज हाच प्रश्न असतो: हे यंत्राच्या मर्यादेमुळे झालं आहे, की कर्त्यानं असं ठरवलं होतं?

वेगाचं उदाहरण घ्या. जुन्या काही खेळांत वाट पाहण्याचा कालावधी घड्याळानं मोजलेलाच नसतो. प्रोसेसरनं एक रिकामं आवर्तन ठरावीक वेळा फिरायचं, एवढीच सूचना असते. तेव्हाच्या यंत्रावर त्याला दोन सेकंद लागत, आजच्या यंत्रावर डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. पहारेकरी पाठ वळवतो आणि तत्क्षणी पुन्हा तोंड फिरवतो. खेळाडूला निसटायला जागाच उरत नाही. इथं वेळ घड्याळाला बांधणं ही शुद्धी झाली. पण किती वेळ? त्यासाठी त्या सालचं यंत्र कोणतं, याचा शोध घ्यावा लागतो. मी जुन्या जाहिराती, खोक्यावर छापलेली किमान अपेक्षा आणि तेव्हाच्या खेळाडूंनी केलेली चित्रणं पडताळते. उलट, पात्र बोलण्याआधी थोडं थांबतं, तो थांबा सूचनांमध्ये आकडा घालून लिहिलेला असेल, तर तो लेखकाचा. तो विनोदाचा श्वास असतो. आजच्या खेळाडूला धीर नाही म्हणून तो कापा, असा आग्रह मला अनेकदा होतो. मी संवाद पुढं सरकवण्याची कळ देते, थांबा मात्र तसाच ठेवते.

नवी चित्रं काढायला माझा विरोध नाही. 2009 च्या ‘मंकी आयलंड’च्या विशेष आवृत्तीत एक कळ दाबली की नवं चित्र जाऊन त्याच जागी, त्याच क्षणी जुनं दिसे. ही एक कळ मला फार मोलाची वाटते. मात्र त्या आवृत्तीत नव्यानं ध्वनिमुद्रित केलेले संवाद जुन्या चित्रांसोबत ऐकता येत नसत. पुढच्या वर्षी दुसऱ्या भागाला ती सोय मिळाली. जे खेळ माझ्या हातून जातात त्यांत मूळ फायलींचा संच मी न बदलता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला लावते. करारात तसं कलमच घालून घेते.

अलीकडच्या एका खेळात (करारामुळे नाव सांगता येत नाही) मी मालकांकडे मराठी सबटायटलची परवानगी मागितली आणि ती मिळाली. शब्दकोश मांडीवर घेऊन खेळलेली मुलगी माझ्या डोळ्यांसमोर होती. जुनं इंजिन अक्षरं काढतं ते एकामागून एक, डावीकडून उजवीकडे, एका अक्षराला एक बाइट. त्याला जोडाक्षर ठाऊक नाही. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी काढायची आणि क नंतर, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, यातलं त्याला काही कळत नाही. युनिकोडमध्ये ही जुळणी संगणक स्वतः करतो. 1990 च्या इंजिनात ती सोय कुठून येणार?

उत्तर गावातच होतं. बाजारपेठेत लग्नपत्रिका आणि निमंत्रणं करणारे एक काका आहेत. त्यांच्या दुकानात अजून विंडोज 98 चं यंत्र चालतं, कारण त्यांच्या जुन्या पत्रिका जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. त्यांना अडचण सांगितली तर म्हणाले, “अगं पोरी, आमचं सगळं असंच चालतंय की. अर्धा त वेगळा, त्याला काना लावला की पूर्ण त. वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. कम्प्युटरला काय कळतंय? जोडायचं आपणच.”

युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडच्या डीटीपीनं हाच मार्ग काढला होता. 256 जागांत, त्यातल्या राखीव जागा वगळून, अक्षरं न बसवता अक्षरांचे तुकडे बसवले: अर्धी व्यंजनं, काने, मात्रा, रफार, क्ष, ज्ञ. माझ्या इंजिनाला नेमकं हेच हवं होतं. काकांच्या शेजारी बसून कोणता तुकडा किती वेळा लागतो याची यादी केली. मग एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जो युनिकोडमधला मराठी मजकूर आधीच तुकड्यांत फोडून खेळाच्या फायलीत भरतो. मात्रा आणि अनुस्वार यांची रुंदी शून्य धरली, म्हणजे ते मागच्या अक्षरावर चढतात.

तरी शिरोरेषा तुटत होती. चित्रावर अक्षरं वाचता यावीत म्हणून इंजिन प्रत्येक अक्षराभोवती काळी कड काढतं. पुढच्या अक्षराची कड मागच्याच्या शिरोरेषेचं टोक खाऊन टाकी आणि शब्दाच्या डोक्यावर काळे खिळे मारल्यासारखं दिसे. शेवटी इंजिनात बदल केला: आधी अख्ख्या ओळीची कड, मग अख्ख्या ओळीची अक्षरं. इंग्रजी मजकुराचा एकही पिक्सेल त्यानं हलला नाही, हे जुनी-नवी चित्रं एकावर एक ठेवून तपासलं, मगच तो बदल ठेवला. आणखी एक गुंता होता. ओळ पडद्यावर किती वेळ राहावी हे इंजिन अक्षरं मोजून ठरवतं. तुकड्यांमुळे मराठी ओळीची मोजणी फुगली आणि संवाद रेंगाळू लागले. आता मोजणीतून मात्रा, वेलांट्या, काने वगळले आहेत.

हे जमल्याचं कळल्यावर एका शिक्षिकेनं मला मुलांच्या मराठी गोष्टींची एक जुनी सीडी आणून दिली. तेव्हा आपल्याकडच्या अशा पुष्कळ सीडी ‘मॅक्रोमीडिया डायरेक्टर’ या साधनात केलेल्या असत: चित्रावर क्लिक केलं की कोल्हा बोलतो, झाड हलतं. जगभरच्या साहसखेळांना आता कुणी ना कुणी वाली आहे. या सीडींना नाही. करणाऱ्यांची दुकानं बंद झाली, शाळांच्या कपाटांत त्या धूळ खात पडल्या, आणि सीडीवरचा थर वर्षागणिक खराब होतो. स्कमव्हीएमची मंडळी डायरेक्टरसाठीही इंजिन लिहीत आहेत, त्यामुळे वाट आहे.

अशी सीडी कुणाकडे असेल तर ती पुन्हा पुन्हा लावून पाहू नका. चांगल्या ड्राइव्हमध्ये एकदाच घालून तिची संपूर्ण इमेज फाइल काढा, त्या फाइलची चेकसम (फाइल बदलली तर ओळखू देणारा आकडा) लिहून ठेवा, मूळ सीडी अंधारात कोरड्या जागी ठेवा, आणि पुढचं सगळं काम नकलेवर करा. कव्हर आणि आतला कागदही स्कॅन करा. फॉन्टचं नाव पुष्कळदा तिथंच सापडतं. शिक्षिकेच्या सीडीची इमेज निघाली आहे. कोल्हा बोलतो, आवाज स्वच्छ आहे, पण खालच्या मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो, कारण फॉन्ट सीडीवर नव्हताच. तो आधीच संगणकावर असेल असं सीडी करणारे धरून चालले होते. काकांनी नमुना पाहून फॉन्ट ओळखला. त्यांच्या यंत्रावर तो आहे. लगीनसराई उरकली की ते यंत्र माझ्याकडे पाठवणार आहेत. मग तुकड्यांची यादी उलट्या दिशेनं लावून तो मजकूर युनिकोडमध्ये आणायचा आहे.