पेजर उशाशी

१३ फेब्रुवारी २०२४, मंगळवार
बचावबोटीवर नाव नोंदवून आले. घर ते बोटहाऊस, पळत चार मिनिटं. त्यांनी आधी हेच विचारलं. पोहता येतं का, ते नंतर.

२० फेब्रुवारी
ड्रायसूट, पिवळे बूट, हेल्मेट मिळालं. मानेचं रबर आवळतं. बोट अटलांटिक ८५, ३५ नॉट पळते. माणसं फार तर चार.

४ मार्च
आज आरएनएलआयला, आमच्या बचावबोट संस्थेला, २०० वर्षं. सर विल्यम हिलरींच्या हाकेवरून १८२४ साली लंडनच्या एका टॅव्हर्नमध्ये सभा भरली होती. आज वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रार्थना. आम्ही बोट धुतली. गोड्या पाण्याने, कानाकोपरा.

१२ मार्च
बोलाइन गाठ. एका हाताने, डोळे मिटून. चाळीस वेळा.
बाबांचे हात आठवले. अंगठ्याच्या बेचक्यात रापणीच्या दोराची काळी रेघ. गाठीचं हे नाव त्यांच्या कानावरही गेलं नसेल. गाठ हीच मारायचे.

१९ मार्च
लाटांत उलटी. दोनदा. कुणी हसलं नाही. बाटली पुढे केली, बस.

९ एप्रिल, पाडवा
सकाळी खिडकीत गुढी, श्रीखंड. संध्याकाळी सराव. आज पाण्यातलं माणूस मी. पाणी १० अंश. हेल्मने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, हातमोजे काढायला लावले. म्हणाला, कळायला हवं.
अंग सूटमध्ये कोरडं. पण हात! आधी दुखले, मग दुखायचे थांबले. त्याचीच भीती वाटली. थोड्या वेळाने दोर टाकला. थेट माझ्या मनगटावर पडला. दिसत होता. बोटं मिटेनात. मनात ओरडत होते, धर, धर. बोटं माझी नव्हतीच जणू.
दोघांनी खेचून वर घेतलं.
नंतर फळ्यावर लिहिलेलं वहीत उतरवलं: थंड पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वासाचं. पुढची दहा मिनिटं हातांची. शुद्ध साधारण तासभर.
दोर टाकला की माणूस धरतो, असं लहानपणापासून समजत होते.

१४ एप्रिल
आईचा फोन. "रातचा दर्यार कित्याक जातंस?" म्हटलं, अजून सरावच आहे गो. खरंच आहे ते.

२२ मे, पूल (डॉर्सेट)
संस्थेचा प्रशिक्षण तलाव. दिवे बंद केले, पंखे, लाटा, वरून पाऊस. बोट उलटी केली, आम्ही खाली. आत थोडी हवा असते. काळोखात एकमेकांची नावं पुकारायची. उत्तर येईस्तोवर मला माझाच श्वास ऐकू येत होता. तिघांची उत्तरं आली. मग बाहेर निघून मागे यायचं, दोर ओढायचा, पिशवी फुगते, बोट सुलटी.
रात्री जेवण गेलं नाही.

८ जून
पहिला पेजर. रात्री २ वाजून १० मिनिटं. सांगावा आल्यापासून १० मिनिटांत बोट पाण्यात, हा प्रयत्न. मी पाचवी पोचले. बोट उतरवणाऱ्या ट्रॅक्टरपाशी राहिले. बोटीचा दिवा दिसेनासा झाला. रेडिओजवळ दोन तास. चहा निवला. मच्छीमार होडीचं इंजिन बंद पडलं होतं, ओढून आणली.
वाट बघणं बाबा जायचे तेव्हाचंच.

३० जून
कॉर्नवॉलमधल्या माउझलला गेलो, दोघंच. तिथलं जुनं पेनली बोटहाऊस तसंच ठेवलंय. १९ डिसेंबर १९८१ ला इथूनच सॉलोमन ब्राऊन ही बचावबोट गेली, युनियन स्टार जहाजावरच्या माणसांसाठी. चौघांना घेतल्याचा निरोप रेडिओवर आला. मग काही नाही. जहाजावरचे आठ, बोटीवरचे आठ. सगळे गेले.
एका घरातला एकच, म्हणून बोटीच्या प्रमुखाने, कॉक्सनने, त्या रात्री बापाला घेतलं, मुलाला किनाऱ्यावर ठेवलं.
परतताना नवऱ्याने हात सोडला नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार
संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी पेजर. तिसरी पोचले. हेल्मने बोट दाखवलं: तू.
पॅडलबोर्डवरचा मुलगा, तेरा-चौदाचा. वारा जमिनीकडून. अशा वाऱ्यात काठाचं पाणी शांत दिसतं आणि बोर्ड आत आत जातो. चौकोन मोठा करत करत शोध. चाळीस मिनिटं. पांढरं काही दिसलं, फेस होता. पुन्हा पांढरं. फेस नव्हता.
बोर्डाला छाती टेकून. आमच्याकडे बघत होता, हात हलवत नव्हता. मी दोर उचलला. ठेवला. कडेवर पालथी झाले, दोन्ही काखांत हात घातले. दुसऱ्याने पाय धरले. आडवंच घ्यायचं, उभं ओढलं तर रक्तदाब कोसळू शकतो. आत आला तेव्हा त्याची नखं निळी. मुठी माझ्या हातांत धरून बसले. किनाऱ्यापर्यंत उघडल्या नाहीत.
अँब्युलन्स उभी होती.

१८ ऑगस्ट
दंडावर निळे डाग. मुलगा घरी गेला, कळलं.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
आईचा फोन. मालवणात नारळ सोडून झाला, भावाने सोडला.
शनिवारचं सांगितलं. बराच वेळ गप्प. पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "खावक काय दिलात त्येका?"