दोन बापांचे दोन अर्ज

या मार्चमध्ये आठ दिवसांच्या अंतराने माझ्याकडे दोन अर्ज आले. छापायला नव्हे, भरून द्यायला. तालुक्याच्या गावात वीस वर्षं पत्रकारिता केली की लोक तुम्हाला बातमीदार कमी आणि अर्ज लिहून देणारा माणूस जास्त समजतात. मलाही त्याची सवय झालीय. पण या दोन अर्जांनी मला माझीच एक चूक दाखवली, म्हणून हे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, वेळ काढून वाचा.

पहिला अर्ज फ्रान्सचा.

माझा मावसभाऊ मूळ मुरबाडचा. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकला, कॉलेजसाठी एसटीने कल्याणला ये-जा केली, पुढे पुण्यात आयटीत लागला. कंपनीने तीन वर्षांपूर्वी त्याला पॅरिसजवळ पाठवलं. मुलगी आता अकराव्या वर्षात आहे. सप्टेंबरमध्ये ती सहावीला जाईल. (तिथे इयत्ता उलट्या मोजतात. सहावीनंतर पाचवी, मग चौथी.) तिला सरकारी शाळेच्या आंतरराष्ट्रीय विभागात, इंग्रजीच्या तुकडीत घालायचं होतं. मुलीच्या कल्याणच्या जुन्या शाळेतून प्रगतिपुस्तकाच्या शिक्का मारलेल्या प्रती हव्या होत्या, त्या मी आणून दिल्या. मग रात्री साडेदहाला त्याचा व्हिडिओ कॉल.

"दादा, आईवडिलांनी पत्र लिहायचंय. मुलीला या विभागात का घालायचंय, ते. तू लिहितोस ना, तू मराठीत लिहून दे, मी इंग्रजी करतो."

मी म्हटलं, आधी हा विभाग म्हणजे काय ते तरी सांग.

त्याने सांगितलं ते असं. शाळा फ्रान्स सरकारचीच. गणित, विज्ञान, बाकी सगळं फ्रेंचमध्ये, फ्रेंच मुलांबरोबर. मात्र आठवड्यातले काही तास साहित्य आणि इतिहास-भूगोल इंग्रजीतून. प्रवेशाला लेखी आणि तोंडी परीक्षा. मुलीला इंग्रजी खरंच येतं का, हे बघतात. शाळा फुकट, पण काही ठिकाणी या विभागासाठी पालकांच्या संघटनेला वेगळे पैसे भरावे लागतात.

मग मी थोडं वाचलं. पॅरिसच्या पश्चिमेला सां-जर्मां-आं-ले नावाचं गाव आहे. तिथली आंतरराष्ट्रीय शाळा १९५२ साली सुरू झाली. नाटोच्या लष्करी मुख्यालयात वेगवेगळ्या देशांचे अधिकारी कामाला आले होते, त्यांच्या मुलांसाठी. बाप तीन वर्षं इथे, तीन वर्षं तिथे. मुलांनी शिकायचं कुठल्या भाषेत? उत्तर निघालं ते असं की शाळा फ्रान्सचीच ठेवायची आणि तिच्या आत मुलाच्या भाषेची एक तुकडी काढायची. १९८१ साली सरकारने अशा विभागांसाठी देशभराचा नियम केला. म्हणजे मुळात ही सोय बापाच्या नोकरीमागे गावं बदलणाऱ्या मुलांची. आपल्या साध्या शब्दात, स्थलांतरितांच्या मुलांची.

भावाच्या पत्रात मी तेच लिहिलं. माझ्या कामाचा भरवसा नाही. उद्या लंडनला पाठवतील, परवा पुण्याला परत आणतील. मुलीची शाळा मध्येच तुटू नये, एवढंच मागणं आहे.

भावाने वाचलं आणि म्हणाला, "दादा, मला हे असं सुचलंच नसतं."

दुसरा अर्ज शहापूर तालुक्यातला.

एका कातकरी वाडीवरचा माणूस. नाव देत नाही, वाडीचंही नाही. दिवाळी झाली की हे कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर जातं. शेठची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची. परत येतात ते पावसाच्या तोंडावर. त्याची धाकटी मुलगी सहा वर्षांची. आदिवासी विकास विभागाची एक योजना आहे, आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत पहिलीत प्रवेश देण्याची. फी, राहणं, जेवण सरकार भरतं. तिच्यासाठी अर्ज करायचा होता. एक दिवसाचा खाडा करून तो माझ्याकडे आला. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत कागद.

मी एकेक कागद काढला. जातीचा दाखला होता, कुठल्याशा शिबिरात मिळालेला. नशीबच म्हणायचं. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आणि ज्याच्या आजाने शाळेची पायरी चढली नाही, सातबारा पाहिला नाही, त्याने तो आणायचा कुठून? उत्पन्नाचा दाखला नव्हता. मुलीचा जन्म भट्टीवरचा, त्यामुळे जन्माची नोंद इथे नाही, भिवंडी तालुक्यात. आधारवर नाव एक, अंगणवाडीच्या वहीत दुसरं. त्या नोंदीसाठी मी दोन फेऱ्या मारल्या. त्याला सांगितलं असतं तर त्याचे आणखी दोन खाडे झाले असते.

इथे माझी चूक सांगतो.

मोबाईलवर अर्ज भरता भरता माझ्या डोक्यात लेख तयार होत होता. "कातकरी वाडीलाही इंग्रजीचं वेड", असं काहीसं. मराठी शाळा ओस पडतायत, हे मी दरवर्षी जूनमध्ये लिहितो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, गणित-विज्ञानाला सेमी इंग्रजी आहे, तरी लोकांचं समाधान नाही, असंही लिहितो. आणि माझा मुलगा? तिसरीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होता, मग मीच त्याला इंग्रजी माध्यमात टाकला. आज माझी बातमी तो एका दमात वाचू शकत नाही. हे सगळं माहीत असूनही मी त्या माणसाला शहाणपण शिकवायला निघालो.

म्हटलं, "भाऊ, तुमच्या घरात कातकरी बोलतात. तिला शाळेची मराठीच परकी. त्यात एकदम इंग्रजी, ती पण घरापासून लांब. जमेल का तिला?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, तिथं ती बारा मयने एकाच जागी ऱ्हाईल ना?"

मी म्हटलं, "राहील. सुट्टीत घरी."

"मग झालं. मोठ्या दोघी भट्टीवर आल्या आमच्यासंगती, त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. पोरगा आश्रमशाळेत टाकला, तो टिकला. सातवीला हाय. विंग्रजी आली तर बरीच. पन आधी शाळा तर ऱ्हाऊ दे."

मी पेन खाली ठेवलं. आठ दिवसांपूर्वी भावासाठी मी हेच वाक्य पत्रात लिहिलं होतं. शाळा मध्येच तुटू नये. तिथे मला ते बरोबर सुचलं, कारण तो माझा भाऊ होता, कंपनीच्या पगारावर विमानाने गेलेला. हा माणूस टेम्पोच्या मागे भांडीकुंडी टाकून जातो, म्हणून त्याचं मागणं मला इंग्रजीचं वेड वाटलं.

दोघेही स्थलांतरितच. दोघांनाही पोरीची शाळा टिकवायचीय. फरक आहे तो सोयीत.

भावाची मुलगी फ्रान्समध्ये उतरली तेव्हा तिला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. तिथल्या सरकारी शाळेत अशा नव्या मुलांना फ्रेंच शिकवायची वेगळी सोय असते, तिला ती मिळाली. आता तिच्या इंग्रजीसाठी तुकडी. संध्याकाळी घरी आईबापांजवळ मराठी. एक भाषा मिळवायला दुसरी सोडावी लागली नाही, घर तर नाहीच नाही.

इथे सहा वर्षांच्या पोरीने शाळा टिकवायची तर घर सोडायचं, बोली सोडायची. शाळा कुठली मिळेल ते नंतर कळणार, ती जिल्ह्याबाहेरचीही असू शकते. बापाकडून आम्ही कागद मागतो जातीचा, उत्पन्नाचा, जन्माचा. ते लागतातच, मान्य. पण पोरगी कुठली भाषा बोलते, हा प्रश्न मी भरलेल्या अर्जात कुठे आला नाही. फ्रान्सच्या अर्जात पहिला प्रश्न भाषेचाच होता.

फ्रान्स म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणत नाही. त्या तुकडीत परीक्षा देऊन जावं लागतं, आणि ज्याच्या घरात आधीच इंग्रजी आहे त्यालाच ती सोपी. तिथल्या एखाद्या गरीब मजुराच्या पोराला हा विभाग असतो हेसुद्धा कोणी सांगत नसेल. पण सरकारी शाळेच्या आतच सोय करायची, हा विचार घेण्यासारखा आहे.

आणि तो आपल्याला नवा नाही, हे जास्त लागतं. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळा मुलांकडे नेली. वारल्यांची पोरं गुरं सोडून येत नाहीत, तर कुरणातच शाळा. तिचं नावच कुरणशाळा. पुढे १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरचं खोपटं. पोर भट्टीवर असेल तर शाळा भट्टीवर. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात लिहिलंय की शक्य तिथवर शिकवणं मुलाच्या मातृभाषेत असावं, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून कुणाला प्रवेश नाकारू नये. हे सगळं कागदावर आहे, चांगलं आहे. मग त्या माणसाच्या मोठ्या दोघींची शाळा का सुटली?

आपल्या तालुक्याचं हे नेहमीचंच आहे. तानसा, भातसा शहापूरची, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात टँकर आमच्या पाड्यांवर. इथल्या मातीच्या विटा, इथल्या माणसांचे हात, इमारती शहरात. त्या विटा वाहणाऱ्याच्या पोरीने सहा महिने कुठे शिकायचं, हे मात्र अजून ठरत नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. तीन गोष्टी.

एक. या योजनेचे अर्ज उन्हाळ्यात येतात, म्हणजे ऐन भट्टीच्या हंगामात. अर्ज घेणारा माणूस एक दिवस भट्टीवर जाऊ दे. निवडणुकीत मतदार शोधत आपण भट्टीपर्यंत जातोच की.

दोन. जिथे पन्नास-साठ कुटुंबं उतरतात, तिथे पहिल्या आठवड्यात मुलांची यादी व्हावी आणि जवळच्या शाळेत हमी कार्डावर नाव लागावं. शाळा लांब असेल तर भोंग्यातच वर्ग. त्या वर्गात कातकरी बोलणारी एखादी दहावी झालेली मुलगी मानधनावर नेमा. तिलाही काम मिळेल.

तीन. इंग्रजी हवी असणं हा गुन्हा नाही. माझ्या मुलासाठी मला हवी होती, तशी त्याला त्याच्या मुलीसाठी हवी. मग केंद्रशाळेत आणि आश्रमशाळेत इंग्रजीचा एक चांगला शिक्षक, रोज दोन तास, एवढं करा. शाळा तीच, भाषा जास्तीची. इंग्रजीसाठी सहा वर्षांच्या पोराला घर सोडावं लागू नये.

वाचणाऱ्यांनाही एक विनंती. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, तेव्हा गुलाबी नऊवारीतल्या त्या आज्यांचे फोटो आपण सगळ्यांनी फिरवले. अंगठ्याच्या जागी सही करता यावी, एवढी त्यांची हौस. त्या दिवशी माझ्यासमोर बसलेल्या बापाने अर्जावर अंगठाच उठवला. वय तिशीच्या आत. तुमच्या गावाला लागून वाडी असेल, तर पुढच्या मार्चमध्ये एक रविवार तिथे जा. मोबाईल घेऊन बसा, कागद बघा, अर्ज भरून द्या. त्याला पदवी लागत नाही.

परवा भावाचा मेसेज आला. मुलीची निवड झाली. तोंडी परीक्षेत तिला घरी काय बोलता विचारलं, तिने मराठी सांगितलं आणि आजीच्या घरच्या तांदळाच्या भाकरीचं वर्णन केलं म्हणे. मला खरंच आनंद झाला.

मे संपत आलाय. आमची यादी अजून लागायची आहे. मुलगी सध्या भट्टीवरच आहे, बापासोबत. दर दोन-तीन दिवसांनी कुणाच्या तरी फोनवरून त्याचा फोन येतो.

"दादा, लागली का यादी?"

मी म्हणतो, "अजून नाही भाऊ. लागली की मीच सांगतो."