हातब्रेक धरत नसेल तर

मंगळवेढ्याची भूमी सपाट आहे. मालदांडी ज्वारी पिकवणाऱ्या या काळ्या शिवारात गाडी उभी करण्यास फारसे प्रयास पडत नाहीत. दामाजीपंतांच्या मंदिराजवळ किंवा बाजारात गाडी गिअरमध्ये ठेवून उतरले, तरी ती जागची हलत नाही. त्यामुळे हातब्रेक निकामी होत चालला आहे, हे महिनोन्महिने कळत नाही. रक्तदाबाप्रमाणे हा दोषही कुरकुर न करता वाढतो आणि चढ आला की प्रकट होतो. आपल्याकडच्या ज्येष्ठांना तो चढ ठरलेल्या ठिकाणी भेटतो: बालाघाटच्या डोंगरातील तुळजापूर, शिखर शिंगणापूर, आणि रुग्णालयाच्या दारातील उतार.

सोलापुरातील एका रुग्णालयाच्या दाराशी माझी आई गाडीतून उतरत होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला सहा आठवडे झाले होते. एक पाऊल जमिनीवर, दुसरे गाडीत आणि हात उघड्या दारावर. धाकट्या भावाने हातब्रेक ओढून ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी वीतभर मागे सरकली. त्याने तत्क्षणी पुन्हा ब्रेक दाबला, मी आईला सावरले. इजा झाली नाही. परंतु वीतभर अंतर किती मोठे असते, हे त्या क्षणी कळले. गाडी मागे जाते तेव्हा तिचे उघडे दार जवळ उभ्या माणसाला ढकलते. तरुण माणूस तोल सावरतो. ठिसूळ हाडांच्या माणसाला मात्र तो धक्का खुब्याच्या अस्थिभंगापर्यंत नेऊ शकतो.

वाचकहो, हातब्रेकची रचना समजून घेणे अवघड नाही. पायाचा ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतो. हातब्रेकचा दांडा मात्र बहुतेक गाड्यांत तारेच्या केबलने मागील चाकांचे ब्रेक आवळतो. म्हणून पायाचा ब्रेक उत्तम लागतो याचा अर्थ हातब्रेकही नीट आहे, असा होत नाही. केबल कालांतराने सैल पडते किंवा आवरणात गंजून अडकते, लायनर झिजतात, कधी गळणारे तेल लायनरवर पसरून पकड घालवते. आमच्या गाडीची केबल गंजून अडकली होती. हातब्रेक क्वचितच वापरला, तरीही असे घडू शकते.

दोष ओळखण्यापूर्वी हात आणि गाडी यांतला भेद तपासावा. संधिवाताने बोटांतले बळ गेले असेल, तर दांडा पुरता ओढलाच जात नाही. घरातील बळकट हाताने एकदा ओढून पाहावे. दांडा पूर्वीपेक्षा बराच वर येत असेल, तर केबल किंवा लायनरकडे लक्ष द्यावे. ओढताना होणारे टकटक आवाज मोजावेत. ते किती असावेत, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

चाचणी सौम्य उतारावर घ्यावी. पुढेमागे कोणी नसावे, ज्येष्ठ गाडीत नसावेत. हातब्रेक लावून गाडी न्यूट्रलमध्ये आणावी आणि ब्रेकवरचा पाय हळूहळू, पण तयारीत ठेवूनच उचलावा. गाडीचे तोंड चढाकडे आणि उताराकडे, दोन्ही बाजूंनी पाहावे. गाडी सरकू लागली, तर लगेच ब्रेक दाबावा आणि गाडी गॅरेजला दाखवावी. तिथे नुसती केबल ताणून घेऊ नये. लायनर झिजलेले असतील, तर तो तात्पुरता उपाय ठरतो. केबल फार ताणली, तर चाक घासत राहून तापते. बटणाचा हातब्रेक असेल आणि सूचनेचा दिवा पेटला असेल, तर घरी खटपट करू नये.

दुरुस्ती होईपर्यंत चढउतारावर ज्येष्ठांना उतरवूच नये; थोडे पुढे जाऊन सपाट जागा शोधावी. गाडी उभी करताना चढाकडे तोंड असल्यास पहिला गिअर आणि उताराकडे तोंड असल्यास रिव्हर्स टाकावा. चाकाखाली दगडही लावावा. ऑटोमॅटिक गाडीतील ‘पी’ हा हातब्रेकला पर्याय नव्हे. सरकणारी गाडी बाहेरून अंगाने अडवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

दुरुस्तीनंतरही एक नियम आमच्या घरी पक्का झाला आहे. ज्येष्ठ व्यक्ती दोन्ही पावलांवर उभी राहून दारापासून दूर झाली, असे सांगितल्याखेरीज चालकाने ब्रेकवरचा पाय उचलायचा नाही. आई आता उतरल्यावर स्वतःच म्हणते, “झाले रे, सोड.” आपल्या घरीही असा एखादा शब्द ठरवावा आणि येत्या प्रवासापूर्वी हातब्रेक एकदा ओढून पाहावा.