यंत्रांचे पाठभेद

गणपतीची लेखणी क्षणभर अडावी आणि तेवढ्या अवधींत आपणांस पुढचे श्लोक जुळवतां यावेत, म्हणून व्यासांनीं महाभारतांत मधून मधून कूटश्लोक घातले, अशी कथा आपल्याकडे सर्वश्रुत आहे. मोरोपंतांनीं ओठास ओठ न लावतां म्हणतां येईल असें निरोष्ठ रामायण रचलें. भाषा पुरती हस्तगत झाली कीं, तिला मुद्दाम आडवाटेनें नेण्याची लहर बुद्धिमान मनुष्यास येतेच. ती लहर संगणकाच्या भाषेंतहि उठली, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. नवल वाटतें तें तिच्यांतून नकळत जें निष्पन्न झालें त्याचें.

इ. स. १९८४ मध्यें लँडन कर्ट नोल आणि लॅरी बॅसेल यांनीं ‘सी’ भाषेंतील दुर्बोध लेखनाची एक स्पर्धा सुरू केली. मनुष्यानें लिहिलेला मजकूर यंत्राच्या आज्ञांत उतरवून देणारा जो दुभाषा, त्यास कंपायलर म्हणतात. स्पर्धेची अट अशी कीं, मजकूर आटोपशीर असावा, कंपायलरनें तो निमूटपणें स्वीकारावा, कार्यक्रम ठरल्याप्रमाणें चालावा. आणि इतकें होऊनहि वाचणाऱ्याच्या डोक्यांत त्याचा अर्थ शिरूं नये! हा कूटश्लोक उलटा खरा. येथें गणपतीनें अडखळावयाचें नाहीं, वाचकानें मात्र पदोपदीं अडखळावयाचें.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं यांतील कांहीं कूटें जमविलीं आणि तीं निरनिराळ्या यंत्रांपुढें ठेवण्याचा उद्योग आरंभिला. जुनीं यंत्रें आमच्या पदरीं कोठून असणार? परंतु बॉब सुपनिक यांच्या पुढाकारानें ‘सिमएच’ नांवाचें एक साधन तयार झालें आहे. त्याच्या योगानें आजचें मेजावरील यंत्र पीडीपी-११ चें किंवा व्हॅक्सचें सोंग हुबेहुब वठवितें. १९७९ ची युनिक्सची सातवी आवृत्तीहि २००२ पासून सर्वांस मोकळी झाली आहे. तेव्हां खर्च एवढाच, कीं दुपारची झोप गेली.

प्रथम ध्यानांत आलें तें हें कीं, ‘सी’ भाषा एक असली तरी तिच्या बोली अनेक. पीडीपी-११ वर साधा पूर्णांक सोळा अंशांचा. ३२,७६७ च्या पुढें एक मिळविला कीं तो ऋण होतो. व्हॅक्सवर तोच बत्तीस अंशांचा. भाषेच्या बाल्यावस्थेंत ‘क्ष=-१’ याचा अर्थ क्षमधून एक वजा करा असा होत असे; पुढें त्याच अक्षरांचा अर्थ क्षला उणें एक ही किंमत द्या असा झाला. अक्षरें तींच, बेरीज मात्र निराळी! ‘शहाणा’ किंवा ‘महाशय’ या शब्दांचें कालगतीनें काय झालें हें पाहिलेल्यांस हा प्रकार अपरिचित वाटूं नये.

कूटकारांनीं नेमका याच बोलींचा फायदा घेतला. डेव्हिड कॉर्न यांची १९८७ ची एकओळी कृति पडद्यावर ‘युनिक्स’ एवढा एकच शब्द छापते. पण ती चालते ती त्या काळचा कंपायलर ‘युनिक्स’ या नांवाची किंमत आपण होऊन एक धरीत असे म्हणून. आजच्या कंपायलरला काटेकोर नियमांनीं वागावयास सांगा, कीं तो हें नांव आपल्या ओळखीचें नाहीं असें बजावून दार लावतो. ब्रायन वेस्टली यांनीं १९८८ मध्यें उणेंचिन्हें आणि अधोरेखा यांचें एक वर्तुळ रेखाटलें. तें वर्तुळ स्वतःचेंच क्षेत्रफळ मोजून ‘पाय’ची किंमत सांगतें. परंतु शेजारीं आलेलीं दोन उणेंचिन्हें जुना कंपायलर एकजीव करी. १९८९ च्या प्रमाणीकरणानंतर तीं विलग राहूं लागलीं, आणि वर्तुळाचें गणित चुकलें.

सर्वांवर ताण केली ती १९८४ च्या विजेत्यांनीं, म्हणजे हॉलंडच्या श्यूर्ड मुलेंडर आणि रॉबर्ट व्हान रेनेस यांनीं. त्यांच्या कृतींत मुख्य भाग म्हणजे नुसती आंकड्यांची यादी! तिचा आरंभ २७७ या आंकड्यानें होतो. पीडीपी-११ त्यास ‘पुढें उडी मार’ अशी आज्ञा समजतें आणि आपल्यासाठीं लिहिलेल्या भागाशीं पोंचतें. व्हॅक्स त्याच आंकड्यास कोणत्या गोष्टी जपून ठेवावयाच्या याची टीप समजतें आणि लगेच पुढील आंकड्यापासून कामास लागतें. एकाच श्लोकाचे दोन अर्थ, आणि दोन्ही अभिप्रेत. पुढील वर्षीं असें यंत्रावलंबी लेखन नियमानें वर्ज्य झालें. आजचा कंपायलर ही यादी कुरकुरत कां होईना स्वीकारतो, पण यंत्र पहिल्याच पावलास कोसळतें.

आतां प्रश्न असा कीं, अशा मजकुरांचें करावें काय? संगणकाच्या धंद्यांत असलेला आमचा एक जुना विद्यार्थी म्हणाला, “सर, चार अक्षरें बदला, सगळीकडे चालेल.” त्याचें म्हणणें व्यवहाराचें आहे. स्पर्धेच्या चालकांनींहि कांहीं ठिकाणीं असे बदल केले आहेत. परंतु त्यांनीं मूळ प्रतहि शेजारीं जपली आहे, आणि आमच्या मतें सारें शहाणपण यांतच आहे. जो मजकूर कोठेंहि चालतो, तो आपल्या जन्मभूमीविषयीं कांहींच सांगत नाहीं. जो एकाच जागीं चालतो आणि दुसरीकडे अडतो, तो अडण्याच्या निमित्तानेंच आपल्या यंत्राच्या खोडी, संवयी, शब्दाची रुंदी हें सारें सांगून जातो. थट्टेनें लिहिलेलीं हीं कूटें त्यामुळें त्या काळचे साक्षीदार होऊन बसलीं आहेत. चूक दुरुस्त करतांना आपण साक्षच पुसून टाकीत नाहीं ना, हें ज्यानें त्यानें पाहावें.

पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे रुमाल बांधून ठेविलेले आहेत; कागद पुष्कळ, वाचणारे थोडे. कागद टिकला म्हणजे मजकूर टिकला, ही समजूत खोटी आहे. मजकूर टिकतो तो त्याचा वाचक टिकला तर. संगणकाच्या जगांत तो वाचक म्हणजे यंत्र. आणि तें भंगारांत गेलें तरी कोणी सोशीक माणसांनीं त्याचें वाचन पुन्हां उभें केलें, ही गोष्ट आम्हांस कूटांहूनहि अधिक थोर वाटते. आमच्या मोडीस असे सोशीक लोक मिळावेत, इतकीच इच्छा.