मधल्या फळीतील माणूस

आमच्या धर्मग्रामाच्या फुटबॉल संघात एका मुलाला मी मधल्या फळीत उभे केले, तेव्हा तो हिरमुसून म्हणाला, "फादर, तिथून गोल होत नाही. मला कोण पाहणार?" मी निरुत्तर झालो, कारण सामना संपल्यावर मीही गोल करणाऱ्याचीच पाठ थोपटीत असे.

मग मी त्याला खालिद औचो याची हकीकत सांगितली. युगांडातील जिंजा येथे 1993 मध्ये जन्मलेला हा खेळाडू बचावफळीपुढे राहून प्रतिपक्षाचा चेंडू अडवितो आणि सहकाऱ्याच्या स्वाधीन करितो. 2015 मध्ये केनियातील गोर माहिया संघाने एकही सामना न हरता साखळी स्पर्धा जिंकली, तेव्हा तो त्या संघात होता. 1978 नंतर युगांडा प्रथमच 2017 मध्ये आफ्रिकी राष्ट्रचषकाच्या मुख्य स्पर्धेत उतरला, तेव्हाही तो होता. पुढे सर्बिया, कोलकात्याचा ईस्ट बंगाल आणि 2018-19 च्या हंगामात गोव्याचा चर्चिल ब्रदर्स अशी भ्रमंती करून तो टांझानियातील यंग आफ्रिकन्स संघात गेला. 2022 मध्ये त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. अशा खेळाडूचे नाव गोलांच्या यादीत क्वचितच झळकते. पण तो नसला की संघ खिळखिळा होतो.

प्रिय वाचकहो, संत योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नोंदलेला नाही. तरी नाझरेथचे घर त्याच्या श्रमांवर उभे होते. आपल्या घरातही असे कोणीतरी असतेच.

पुढील रविवारी सामना संपताच मी प्रथम त्या मुलाकडे गेलो.